चारशेची की सहाशेची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेली क्ष-किरण तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र राहत्या घरी, पुढच्या खोलीत, खुर्चीत बसून सांगत आहे आणि माझ्या वकीलबाई ते लिहून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचाही दाब नाही. कुणी तसा प्रयत्न केला असता तर मला त्याचीच कीव आली असती. हातांतली ताकद मात्र जात चालली आहे. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, डावा त्याचाच कित्ता गिरवतो आहे, आणि हा आजार पुढे छातीपर्यंत येतो हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. नोकरीभर मी लोकांना ‘श्वास रोखा’ म्हणत आले. पुढे माझ्यावर काय येणार आहे ते मला चांगले कळते आणि त्याची मला भीती वाटते. म्हणून बोलता येते आहे तोवर सांगून ठेवते. यापूर्वी केलेला मसुदा मी फाडला आहे. तो का फाडला ते पाचव्या कलमात येईल.

१. आईवडील, नवरा, मुले यांपैकी मला कुणी नाही. भाऊ होता, तो गेला. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, हयात आहे. आणि धाकटी बहीण आहे. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला, तेव्हापासून ती माझ्याजवळ राहते. तिला नावाने कुणीच हाक मारीत नाही, सगळे धाकटीच म्हणतात, म्हणून या कागदातही ती धाकटीच राहील. पूर्ण नाव वकीलबाईंनी कायद्यापुरते सोबतच्या जोडपत्रात घातले आहे. मी गेल्यावर तिचे काय, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

२. हे राहते घर, दुसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागचा सज्जा, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती माझ्या पश्चात सर्व हक्कांसह एकट्या धाकटीची. तिने त्यात राहावे, ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून निघून जावे. कुणी जाब विचारू नये.

हे इतके फोडून लिहायचे कारण भाचा. माझा आजार कळल्यावर तो भेटायला आला, ही त्याची चांगली गोष्ट. पण बसायच्या आधी त्याने सज्ज्याची भिंत बोटांनी वाजवून पाहिली. मग म्हणाला, की धाकट्या आत्यासाठी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय, स्वच्छ आहे, तिला सोबतही होईल. धाकटी तेव्हा त्याच्याच कपात चहा ओतत होती. तिने कप भरला, बशी पुसली आणि आत गेली. भाचा मनाने वाईट नाही, फक्त त्याला मेलेल्या म्हशीला मणभर दूध दिसते, आणि इथे तर म्हैस अजून मेलेलीही नाही. त्याला मी माझे लोखंडी कपाट देते. ते दारातून बाहेर निघत नाही. दार न तोडता कसे न्यायचे ते त्याने ठरवावे.

३. बँकेतली शिल्लक, ठेवी आणि निवृत्तिवेतनाची जी काही थकबाकी येईल ती, सर्व धाकटीला. आजारपणाचा खर्च आधी वजा व्हावा. शक्यतो मला लवकर उरकता येईल असे वाटते. (वकीलबाई म्हणतात असे लिहू नये. लिहावे.)

४. आता फोटोच्या सामानाबद्दल.

पक्ष्यांचे फोटो काढायला मी चाळिशीनंतर लागले. गावाबाहेरच्या तळ्यावर आमचे पाचसहा जणांचे टोळके जमायचे. त्यात दातांचे डॉक्टर होते. माणूस हसतमुख, कामात हुशार, माझी एक दाढ त्यांनी दुखू न देता काढली आहे. त्यांची लेन्स आखूड होती. आखूड लेन्सने पक्षी मोठा दिसायचा तर जवळ जावे लागते, आणि जवळ गेले की मध्ये गवत येते. एका वर्षी पाणकोंबडीचे घरटे सापडले. डॉक्टरांनी घरट्यापुढचे बोरू दोन्ही बाजूंनी कात्रीने छाटले, खुर्चीतल्या पेशंटचे तोंड उघडावे तसे घरटे उघडे केले आणि सुरेख फोटो काढला. पिले अंड्यांतून नुकती निघत होती. दुसऱ्या दिवशी घार त्या मोकळ्या वाटेने आली. रिकामे घरटे आधी धाकटीला दिसले. तिने ते मला दाखवले. फोटोला बक्षीस मिळाले, तो दवाखान्यात टांगला गेला आणि पेशंट आ करून त्याच्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याशी बोलणे टाकले. दाढा पुढे दुसरीकडे दाखवल्या.

डॉक्टरांना मी माझा दुपटीचा कन्व्हर्टर देते. तो लेन्सच्या मागे लावला की पक्षी दुप्पट मोठा होतो आणि पिसांची कड बोथट पडते. त्यांना फरक कळणार नाही.

कॅमेऱ्याचे तिकाटणे, त्यावरचे फिरते डोके आणि लपायची जाळी तळ्यावरच्या टोळक्याला सामाईक. भांडू नये.

५. लेन्स.

त्या घरट्यानंतर मी ठरवले, की आपण लांबूनच काढायचे, पक्ष्याला आपला पत्ताच लागता कामा नये. आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदाराने दोन लेन्स काउंटरवर ठेवल्या. एक शंभर ते चारशे मिलिमीटरची, पुढेमागे होणारी, हलकी. दुसरी सहाशेची, एकाच लांबीची, तोंडाशी ताटलीएवढी काच, पहाटेच्या उजेडात चारशेच्या कितीतरी वरचढ. वजन विचारू नका. धाकटीने चारशेची उचलली, डोळ्याशी धरली, खाली ठेवली आणि म्हणाली, “ताई, ही घे ना. ही हातात धरून चालता येतं.” मी म्हटले की चालायला कुठे आलोय, फोटो काढायला आलोय. सहाशेची घेतली. ती पाठीवर वाहिली कुणी, तर धाकटीने; माझ्या पाठीवर तिकाटणे असे. तिचा उजवा खांदा डाव्याहून खाली आहे. त्याचा एक्स-रे मीच काढला होता, हाडात काही नव्हते, म्हणून मी तो विषय तिथेच संपवला.

निवड चुकली असे मी आजही म्हणणार नाही. त्या लेन्सने मी टिटवी अंड्यांवर बसलेली टिपली आणि टिटवी ओरडली नाही. पण लेन्समधून आभाळाचा चिमूटभर तुकडा दिसतो, पक्षी त्यात आणायला आधी तो कुठे आहे हे कुणीतरी सांगावे लागते. ते धाकटी सांगे. “डावीकडे, वाळक्या फांदीखाली, आता मान वळवेल.” आणि तो वळवी. मला वाटे, हिला माझ्याहून जास्त वेड लागले आहे, फक्त बोलून दाखवत नाही. माझ्या आयुष्यात मी कुणाला काही शिकवले असेल तर हिला हे, असे मी मनाशी धरून होते. त्याचा मला अभिमान होता.

म्हणून पहिल्या मसुद्यात मी असे कलम घातले होते: सहाशेची विकावी, त्या पैशातून धाकटीसाठी चारशेची घ्यावी, आणि तिने दर महिन्याला निदान एकदा तळ्यावर जावे. नाही गेली तर ठेवींचे व्याज अडवावे. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होते. मी नाही, आणि ही सज्ज्यात बसून भिंतीकडे बघते आहे. अट घातली तर निदान घराबाहेर पडेल. चारशेची कोणती, यासाठी मी पंधरवडाभर दुकानदाराला फोनवर छळले. हलकी हवी, पण इतकी नको की वाऱ्याने हलेल. फिरवायची कडी मऊ हवी, धाकटीच्या बोटांना सांधेदुखी आहे. हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी हवी. जवळचेही दिसायला हवे, कारण एकटी असली की ती लांब जाणार नाही, काठावरच बसेल. एक पक्की झाली. तेव्हा मी मसुदा धाकटीला वाचून दाखवला.

ती माझे केस विंचरत होती. कंगवा थांबला नाही. म्हणाली, “ताई, मी पक्ष्यांसाठी नव्हते गं येत.”

मग कशासाठी, म्हणून विचारले.

“तू डोळा लावलास की तुझं खाली लक्ष नसायचं. दलदलीत पडली असतीस. म्हणून यायचे.”

मी म्हटले, मग इतके पक्षी कसे दिसायचे तुला?

“तुला लवकर मिळाला तर आपण लवकर घरी यायचो.”

वेणी घालून झाली. तिने कंगव्यातले केस काढून गुंडाळले आणि विचारले, चहा करू का.

मी कुणासमोर रडत नाही. त्या दिवशी रडले, आणि डोळे पुसायला हात वर जाईना, तेही तिनेच पुसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर कळशावर नजर बसू नये म्हणून मुद्दाम मोठी दुर्बीण घेतली. पाणकावळा पंख केव्हा वाळवतो ते मला ठाऊक. घरातल्या माणसाला काय हवे ते ठाऊक नाही.

मसुदा फाडला. तळ्यावर जाण्याची अट रद्द. व्याजाची अट रद्द. चारशेची रद्द, दुकानदाराला धाकटीने फोन करून कळवावे आणि माझ्या वतीने त्याची माफी मागावी. वकीलबाई म्हणतात, रद्द झालेले कशाला लिहायचे. धाकटीला हे कुणीतरी लिहून द्यायला हवे होते म्हणून.

सहाशेची विकावी हे मात्र कायम. धाकटीने ती पुन्हा पाठीवर घेऊ नये, दुकानापर्यंतसुद्धा नाही. गिऱ्हाइकाने घरी येऊन न्यावी.

६. त्या पैशाचे काय, हे मी धाकटीला विचारले. तुला काय आवडते ते सांग, ते आत्ताच लिहून टाकू. तिने उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, “आठवत नाही गं. विचार करून सांगते.” त्याला आता बरेच दिवस झाले. मी रोज विचारते, ती रोज म्हणते सांगते. पहिल्यांदा मला राग आला. आता येत नाही. मला वाटते तिला खरोखरच आठवत नाही.

मी वकीलबाईंना म्हटले, इथे जागा मोकळी ठेवा. त्या म्हणाल्या, मृत्युपत्रात मोकळी जागा ठेवता येत नाही, कुणीही काहीही भरील. तेव्हा असे लिहावे: हे पैसे धाकटीला जे आठवेल त्यासाठी. न आठवले तर कशासाठीच नाही. तिला कुणी सुचवू नये. मी तर नाहीच नाही.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. भाच्याने ते न्यायालयात ओढले तर त्याचे कपाटही धाकटीला.

८. हे सर्व मला वाचून दाखवले, ते मी ऐकले व ते बरोबर आहे. सहीसाठी हाताला आधार लागतो. जेवताना, पाणी पिताना, कूस बदलताना हा हात धाकटीच धरते, म्हणून सवयीने तिलाच हाक मारली. ती पदराला हात पुसत आलीही. वकीलबाई म्हणाल्या, जिला सगळे मिळणार तिने सही करणाऱ्या हाताला शिवू नये, उद्या त्यावरून भांडणे होतील. धाकटी दारातच थांबली. आणि मग आत न येता, तिथूनच, तळ्यावर सांगायची त्याच आवाजात म्हणाली, “थोडी डावीकडे, ताई. अजून. हं, आता.”

सही जशी उमटेल तशी माझीच समजावी.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: वकीलबाईंनी आपल्या हाताने घातला आहे तोच.

मृत्युपत्र करणारी: (सही, रेघेच्या खाली उतरलेली)

आम्ही दोघे एकाच वेळी खोलीत हजर होतो. बाईंनी आमच्या देखत, कुणीही हात न लावता सही केली आणि त्यानंतर आम्ही केल्या:

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचे घड्याळदुरुस्ती करणारे (सही)
साक्षीदार दुसरी: इस्पितळातील निवृत्त परिचारिका, बाईंची सहकारी (सही)