ई अक्षराची डिस्क

करण,

तुझा बाप शेवगावला आत्याकडे निघाला आहे. चहा थर्मासात आहे.

तुझा बॅकअपचा प्रोग्राम रोज सकाळी ई अक्षराची डिस्क पुसतो आणि तिच्यावर कॉम्प्युटरमधलं सगळं उतरवतो. डिस्क कोणाची हे तो बघत नाही, फक्त अक्षर बघतो. मागच्या महिन्यात बापाच्या डिस्कला ते अक्षर मिळालं आणि तुझ्या आईचे सगळे व्हिडिओ गेले. तू म्हणालास, "आई भिंतीवर फोटोत हाय की, अजून काय पायजे?" तेही बरोबरच.

बापाने आता आपल्या रिकाम्या डिस्कला झेड हे अक्षर कायमचं देऊन टाकलं. कुठंही लावा, झेडच राहते. दोन मिनिटांचं काम होतं.

आज पाहिलं तर बॅकअपच्या डिस्कच्या जागी तू लग्नाच्या शूटिंगची डिस्क लावून झोपलेला, आणि ई अक्षर तिला मिळालेलं. प्रोग्राम सुरू व्हायला अवकाश होता. पण "तात्या, माझ्या डिस्कला हात लावायचा न्हाई," असं तू बापाला चारचौघांत बजावलेलं. म्हणून लावला नाही. तुझी झोपही मोडवेना. तू हे वाचशील तोवर पुसून झालेलं असेल.

पाथर्डीची ती नवरी दुपारी स्वतः शूटिंग न्यायला येते आहे. लग्नानंतर पंधरवड्यात तिचे वडील वारले. चालते-बोलते ते तेवढ्या शूटिंगमध्येच होते. तिला आधी पाणी दे, बस म्हण. मग सांग.