मुंबई–जेद्दा, जाणं आणि येणं

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज डायलिसिसच्या आधी अब्बांचं वजन केलं. गेल्या वेळेपासून फक्त एक किलो वाढलंय. एरवी अंगात साठलेलं पाणी अडीच किलो तरी असतं. नोंद केली, विचारलं नाही. या सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे, पण घरच्या माणसाला सुई लावत नाही. ती सिस्टर लावतात.
मशीन चालू असताना अब्बांनी उशीखालून कागद काढला. मक्केच्या यात्रेचं, उमराहचं कच्चं तिकीट.
"मुंबईहून नऊले निघते, पावणेबाराले जेद्दा. पावणेतीन तास. त्याच्यापेक्षा जास्त तर तुही मशीन मले निजवून ठेवते."
तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, असं मी सांगितलं. म्हणजे सव्वापाच तास. कागद पुन्हा वाचला त्यांनी.
"एवढंच ना," म्हणाले.

मंगळवार, ४
हिशेब मांडला. मुंबई–जेद्दा साडेतीन हजार कि.मी.च्या आसपास. हे फक्त हवेतलं. कारंजा ते नागपूर गाडी, नागपूर–मुंबई विमान, मुंबईत थांबणं, जेद्दाला रांग, मक्केपर्यंत बस. दारातून निघून खोलीत पाठ टेकेपर्यंत दीड दिवस धरला. इथून डायलिसिस करूनच निघायचं, तिथलं मशीन आधी ठरवून ठेवायचं. दोन डायलिसिसमधल्या तीन दिवसांत प्रवास बसतो.
विमान रखडलं तर...

गुरुवार, ६
वजन पाऊण किलोच वाढलेलं. अर्ध्यात बी.पी. पडलं, मशीन हळू करावं लागलं.
रात्री अम्मीला विचारलं. कणीक मळत राहिली. मग म्हणाली, पंधरा दिवस झाले, दोन गिलास पाणीसुद्धा घेत नाहीत, जेवणही अर्धं. "तुले दाखवून राह्यले, की मी कमी पान्यात राहू शकतो. तू मना करशीन म्हनून."
राग आला. कोणाचा, ते ठरवता आलं नाही.

शनिवार, ८
पथ्य समजावलं. पाणी ठरलेलं तेवढं प्यायचंच, कमीही नाही. खजूर बंद, पोटॅशियम वाढतं. जमजमचं पाणी घोटभरच.
"लोक क्यान भरून आनतात, मी झाकनानं पिईन," अब्बा म्हणाले आणि स्वतःच हसले.
मग प्रश्न. मुंबईत किती वेळ बसावं लागेल, विमानात पाय लांब करता येतात का, जेद्दाहून बस किती वेळात. सगळ्यांची उत्तरं दिली.
झोपताना लक्षात आलं. परतीचं एकही विचारलेलं नाही.

सोमवार, १०
ट्रॅव्हल्सवाल्याला प्रवास चालेल असं डॉक्टरांचं पत्र हवंय. डॉ. म्हणाले, "रिपोर्ट बरे आहेत, पण मशीनवर त्यांना तू बघतेस. तू हो म्हण, सही करतो." विचार करते म्हटलं.
घरी सरळ विचारलं. अब्बा, परत यायचं आहे ना?
"जायचं तू पाह्य बेटा. यायचं अल्लाच्या हाती. तिथली माती भेटली तर नसीबच म्हना."
अम्मी ताटं उचलत होती. थांबली. "अन् मी? मी कोनाच्या हाती?"
ताटं तिनेच नेली.

मंगळवार, ११
अम्मीने अब्बांसमोर पाण्याचा गिलास ठेवला. प्यायले.

बुधवार, १२
सेंटरवरून परस्पर अब्बांच्या गाद्यांच्या दुकानात गेले. अब्बा गादीला टाके घालत होते. मी शेजारी बसले. सांगितलं, अंतर दोन्हीकडून तेवढंच, पण येताना वारा बहुतेक पाठीशी असतो. विमान अर्धा तास लवकर येतं.
"कितीक मग?"
"पावणेपाच तास."
दोन टाके घातले. वर न बघता म्हणाले, "नागपुरले घ्यायले कोन येईन? तू?"
"तुम्ही येणार असाल तर येईन."
हात थांबला. काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात दोन बाया रजयांचा भाव विचारत आल्या. अब्बा उठून रजया दाखवायला लागले. मी बराच वेळ थांबले. त्या एक-एक उघडून बघत होत्या.
सही न झालेलं पत्र पर्समध्ये आहे. उद्या डायलिसिस, हो की नाही ते डॉ. विचारतील.