चादरीमागची ताटी

सर, तुम्ही जुळवून दिलेला आमचा संसार या सप्टेंबरात, १९८६ मध्ये, संपला. तिला मेंदूचा मलेरिया झाला आणि चार दिवसांत ती गेली. ही वार्ता सर्वांत आधी तुम्हांला कळवायला हवी, असे मला सारखे वाटत राहिले. तुम्हांला जाऊन इतकी वर्षे झाली आहेत की चंद्रपुरात तुम्हांला ओळखणारे फारसे कोणी उरलेले नाही, तरीही वाटत राहिले. आम्ही दोघेही तुमचे विद्यार्थी. स्थळ सुचवताना तुम्ही तिच्या घराविषयी किंवा शिक्षणाविषयी काही बोलला नव्हतात. प्रयोगशाळेच्या पायरीवर उभे राहून एवढेच म्हणाला होतात, "पोरगी प्रश्न इचारते. तुले झेपन का?" मी झेपेल असे सांगितले. प्रश्न म्हणजे परीक्षेत विचारतात ते, अशी त्या वेळी माझी समजूत होती.

ती प्रयोगशाळा मला आजही स्पष्ट दिसते. गडचांदूरकडच्या चुनखडीत मिळालेला कॅल्साइटचा पारदर्शक खडा तुम्ही कागदावरच्या ठिपक्यावर ठेवता आणि एका ठिपक्याचे दोन होतात. मी उभा राहून प्रकाशाच्या ध्रुवीभवनाची व्याख्या न अडखळता म्हणून दाखवतो. वर्ग कौतुकाने माझ्याकडे पाहतो. तुम्ही खड्याकडेच पाहत असता. "हे पुस्तकाले मालूम हाय," तुम्ही म्हणता, "तुले काय मालूम हाय ते सांग." मी खाली बसतो. पुढे मी पदव्या घेतल्या, कॉलेजात हाच विषय शिकवू लागलो, पण तुमचे ते वाक्य मला अन्यायाचेच वाटत आले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चामोर्शीच्या पलीकडे तिच्या माहेरी गेलो होतो. धान निघून गेले होते आणि भाताच्या खाचरांत, बांध्यांमध्ये, लाखोळी डाळीचे पीक उभे होते. त्या लाखोळीत एके दुपारी आकाशातून एक मोठी पेटी उतरली, वर छत्री, तिच्या कापडाखाली अर्धी बांधी झाकलेली. कोणी बॉम्ब म्हणाले, कोणी दुसऱ्या देशाचे विमान म्हणाले. दुसऱ्या दिवशी जीप घेऊन एक तरुण शास्त्रज्ञ आला आणि उलगडा झाला. हैदराबादहून सोडलेल्या प्रचंड फुग्याखाली टांगलेले ते उपकरण होते. चहा घेताना त्याने मला सांगितले की, आकाशातून अधूनमधून गॅमा किरणांचा एक उद्रेक येतो, काही सेकंद टिकतो, तेवढ्या वेळात बाकी सर्व गॅमा स्रोतांना फिके पाडतो आणि विझून जातो. तो कोठून आणि किती दुरून येतो हे कोणालाही ठाऊक नाही. एखाद्या मृत ताऱ्याच्या अतितीव्र चुंबकीय क्षेत्राशी त्याचा संबंध असावा, असा तर्क आहे. त्या किरणांची कंपने एकाच दिशेने होतात काय, म्हणजे त्यांचे ध्रुवीभवन झालेले असते काय, हे कधी मोजता आले तर त्या क्षेत्राविषयी काही सांगता येईल. अजून ते कोणाला साधलेले नाही. पेटी घेऊन तो गेला. मग गावाने, जावई कॉलेजात शिकवतो म्हणून, मला पारावर बसवले आणि मी सुमारे पाऊण तास विद्युतचुंबकीय तरंगांवर बोललो. लोकांनी आदराने ऐकून घेतले आणि उठून गेले.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "तुम्ही बोलले ते मले काही समजलं नाई. तुम्हाले समजलं का?"

"मी हा विषय पदवीच्या वर्गाला शिकवतो," मी म्हणालो.

"ते शिकवनं झालं. मी समजन्याचं इचारून राह्यली."

त्यानंतर हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात राहायलाच आला. भाकरी थापताना ती मान वर न करता विचारी, "इतक्या दूरचं चुंबक कोनाले दिसलं?" मी सांगे, दिसत नाही, अनुमान करतात. "कशावरून?" ध्रुवीभवनावरून. "हा तं शब्द झाला," ती म्हणे आणि भाकरी उलटवी. मी कागद घेऊन आकृत्या काढीत असे. ती लक्षपूर्वक पाही आणि शेवटी म्हणे, "नाई जमलं. उद्या पाहू." तो उद्या उन्हाळाभर आणि पावसाळाभर चालू राहिला.

ती गेली तेव्हा नाल्यांना पूर होता. माहेरची माणसे चंद्रपूरला पोहोचू शकली नाहीत. म्हणून धान कापून झाल्यावर तिच्या गावी पुन्हा पुण्यानुमोदनाचा, तिच्या स्मरणाचा, कार्यक्रम ठेवला. आदल्या दिवशी मी मेव्हण्याला सांगितले की मला विहिरीचा दोर, बांबूच्या उभ्या कामट्यांची एक ताटी आणि मधोमध वीतभर भोक पाडलेली जुनी चादर लागेल. तो म्हणाला, "भाऊजी, लोक तिच्या आठवनी आयकाले येतीन. दोन शब्द बोला तिच्याबद्दल, बस." मी म्हणालो, "मी तिच्याबद्दलच बोलणार आहे." तो आणखी काही बोलला, मी ऐकून घेतले, पण माघार घेतली नाही. तिच्या लोकांसमोर ते एकदा तरी समजेल असे सांगायचे, हे मी ठरवले होते. नाही जमले, तर पुन्हा त्या विषयावर कोठेही तोंड उघडायचे नाही, हेही ठरवले होते.

त्रिशरण, पंचशील झाले. दोघा-चौघांनी आठवणी सांगितल्या. मग मी अंगणात चादर टांगली. तिच्यामागे दोन हात अंतरावर दोघांनी ताटी धरली. ताटीच्या फटीतून आणि चादरीच्या भोकातून दोर ओवून त्याचे एक टोक मी अलीकडे धरले, दुसरे मेव्हण्याने पलीकडे. "जवाईबापू, गाय बांधून राह्यले का?" पुढे बसलेल्या तिच्या काकीने विचारले आणि सगळे हसले. मीही थोडा हसलो. मेव्हणा दोर वेडावाकडा, वाटेल तसा हलवू लागला. अलीकडे मात्र तो केवळ वर-खाली येत होता. मी म्हणालो, ताटी तुम्हांला दिसत नाही, फक्त दोराकडे पाहा. कामट्या उभ्या आहेत की आडव्या? "उभ्या," बायका म्हणाल्या. मग मी ताटी आडवी करायला सांगितली, दोर पुन्हा हलला. दोर आडवा येत नव्हता. तिरपाच येत होता. गाठ अडकली असावी असे समजून मी तो ओढून पाहिला, पुन्हा हलवायला लावले. पुन्हा तिरपाच. सगळे फसले असे वाटून मी दोर खाली ठेवणार, तोच काकी म्हणाली, "दोराले काऊन दोष देता? ताटीच तिरपी धरली त्याहीनं."

मी चादर बाजूला सारली. ताटी तिरपी होती. मेव्हण्याने मुद्दाम तसे करायला लावले होते आणि तिघेही तोंड दाबून हसत होते. सर, त्या अंगणात उत्तर मला ठाऊक नव्हते. मी ठरवलेले उत्तर चुकीचे होते आणि दोर बरोबर होता. मग मी गावाला सांगितले की आकाशातून येणाऱ्या किरणांचे असेच आहे. आपल्याला फक्त दोराचे अलीकडचे टोक मिळते. हेही सांगितले की ताटी दोराचे हेलकावे गाळते, चुंबकीय क्षेत्र तसे गाळत नाही. ते विजेचा भार असलेल्या कणांना स्वतःभोवती फिरवते, म्हणून त्या कणांचे कंपन क्षेत्राला आडवे होते आणि प्रकाश ती दिशा घेऊन निघतो. एवढा फरक लपवणे मला योग्य वाटले नाही.

काकी बराच वेळ दोराकडे पाहत होती. "पन तिथं वर," तिने विचारले, "चादर कोन सारते?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "तेथे कोणालाच जाता येत नाही. दोरावरूनच ओळखावे लागते."

"मंग बरोबर ओळखलं का चुकलं, हे कसं समजन?"

"पुन्हा पुन्हा पाहून. तरीही खात्री होईलच असे नाही."

"असं सांगा ना मंग," काकी म्हणाली. "मांगच्या वर्षी काऊन नाई सांगतलं? पोरगी होती तवा." कोणीतरी तिला गप्प केले आणि पंगतीची पाने मांडायला सुरुवात झाली. मी दोराचे वेटोळे करून मेव्हण्याच्या हाती दिले. पुढच्या सत्रापासून वर्गात व्याख्या शेवटी सांगायची, आधी नाही, असा माझा निश्चय झाला आहे, आणि तो मी पाळीन.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही, तेव्हा एक गोष्ट सांगायला हरकत नाही. मी ते तुम्हांला लिहायला बसलो नव्हतो. तिला लिहायला बसलो होतो. पण लग्न झाल्यापासून आम्ही कधी इतके दूर राहिलोच नाही की तिला पत्र लिहावे लागेल. तिला काय म्हणून सुरुवात करावी, हे मला सुचले नाही. "सर" हा शब्द मात्र लगेच उमटला.