खुंटीवर राहिलेला कोट

प्रिय गठुडे,

परवा तुमच्या परवान्याच्या खात्याच्या सुनावणीत तू घंटी वाजवलीस आणि माझं वाक्य अर्ध्यातच तुटलं. उरलेलं अर्धं तेव्हापासून घशात अडकून बसलंय, म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "हं, हं, बोल" म्हणतेस आणि मागे टाइप केल्याचा आवाज येत असतो. शिवाय बोलायला लागले की मी आधी चिडते आणि मुद्दा राहून जातो. हे तुला जन्मापासून माहीत आहे, परवा त्या हॉलमधल्या सगळ्यांना कळलं. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईचं पत्र आहे, ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नकोस.

आधी हे सांगते, तुझ्यावर राग नाही. तीन मिनिटं झाली की घंटी वाजवायची हे तुझं काम, ते तू केलंस. ओळख दाखवली नाहीस तेही बरोबर. माझा नंबर लिहून घेताना तुझ्या शेजारच्या बाईने विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, बारमध्ये लोकांचे कोट सांभाळते. तिने नुसतं "कर्मचारी" लिहिलं. तू पेनाचं टोपण लावत होतीस, काढत होतीस. लहानपणी काही लपवायचं असलं की फ्रॉकचं बटण असंच फिरवायचीस, आणि दर आठवड्याला मी ते पुन्हा शिवायची. ती सवय गेली असेल असं मला वाटलं होतं.

माझ्या आधी त्या मुलाची आई बोलली. दुसऱ्या एका बारच्या बाहेर ज्याला मारून टाकलं, ज्याच्यामुळे रात्री दीडला दार लावायचा हा नियम आला, त्याची आई. तिची तीन मिनिटं संपली, मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होते. तुझा हात घंटीवर होता आणि तू तो उचलून मांडीवर ठेवलास. शाब्बास. मी पण वाजवली नसती. पण तिच्यामागून मी उभी राहिले, त्याच माइकसमोर, तो तिच्या हातातून आला तेव्हा अजून ओला होता. काय बोलणार? तिचा मुलगा संध्याकाळी साडेआठला मार खाऊन पडला, रात्री दीडचा त्याच्याशी काय संबंध, हे खरं आहे, पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून हे बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मग मी भलतंच काहीतरी बोलत सुटले. शेवटची बस, कमी झालेल्या पाळ्या, जिना उतरताना दुखणारा गुडघा. गुडघ्याचं कशाला काढलं मी! मागे कुणीतरी हसलं. दोन मिनिटं अशी गेल्यावर एकदम आठवलं की आपण कशासाठी आलोय, आणि म्हणाले, "साहेब, त्या रात्री खुंटीवर एक कोट राहिला आणि मी..." आणि घंटी. साहेब म्हणाले, "धन्यवाद, पुढचे." माइकवाल्याने माझ्या बोटांतून माइक सोडवून घेतला.

नियम तुम्ही लोकांनीच टाइप केलाय, मी तुला काय शिकवणार. दीडला दार बंद, नवीन माणूस आत घ्यायचा नाही, आत आहेत त्यांनी तीनपर्यंत बसावं, आणि कुणी पाय बाहेर टाकला तर तोही परत आत नाही. सहा महिने करून बघायचं होतं, आता सोमवारी तो कायमचा करायचा की नाही ते ठरेल. कागदावर चांगला दिसतो. दाराच्या आतून तो कसा दिसतो ते तुझ्याशिवाय त्या टेबलावर कुणालाच कळलं नसतं, कारण त्या दाराच्या आत वाढलेली तू एकटीच.

आठवतं का? एकपर्यंत हौशी लोक. नटूनथटून येणारे, कोट भिरकावणारे, टोकन हरवून माझ्याशीच भांडणारे. ते गेले की आपले लोक यायचे. भांडी घासून, चुली पुसून निघालेले आचारी, छापखान्यातले काळ्या नखांचे, टॅक्सीवाले, संध्याकाळच्या पाळीच्या नर्सा. जगाची रात्र होते तेव्हा त्यांची संध्याकाळ सुरू व्हायची. टेबलाखाली बूट काढायचे, एक ग्लास दीड तास पुरवायचे, पियानोवाल्याला चिडवायचे. तुझे बाबा निघून गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि तुला ठेवायला मला जागा नव्हती, म्हणून काउंटरच्या मागे, ज्यांनी हरकत घेतली नाही त्यांच्या कोटांचं अंथरूण करून तुला झोपवायची. पियानोवाल्याने पहिल्याच रात्री वाकून बघितलं आणि विचारलं, "हे गठुडं कुणाचं? टोकन कुठाय?" तेव्हापासून तू गठुडी. टॅक्सीवाल्याने तुला माझी पितळेची टोकनं मांडून पाढे शिकवले. तू गणितात पहिली आलीस तर तो सगळ्या बारला सांगत फिरला, जणू त्यानेच पेपर दिला होता.

आणि सिस्टर. तू तिला सिस्टरमावशी म्हणायचीस. इस्पितळातून एकला सुटायची, पायी यायची, दोनच्या सुमाराला दारात. तो तपकिरी कोट, खिशात कापसाचा बोळा आणि पेपरमिंटच्या गोळ्या, अस्तर फाटलेलं ते तिने टाक्याच्या पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं. इस्पितळात माणसं शिवतात तसंच. तिची खुंटी ठरलेली, एकेचाळीस. तो कोट अंगावर असल्याशिवाय तुला झोप यायची नाही. थंडीत ती तशीच काकडत बसायची आणि मी कोट द्यायला गेले की मलाच दटावायची, "पोर उठेल, गप्प बस." तुला गोवर आला तेव्हा चार रात्री ती काउंटरखाली तुझ्याजवळ बसून होती, ड्यूटी करून आल्यावर. हे सगळं तुझ्या ऑफिसात सांगावं असं मी म्हणत नाही. मी फक्त आठवण करून देतेय.

माझं कामही तुला माहीत आहे, पण एकच गोष्ट परत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कोट खुंटीवर म्हणजे माणूस आत. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच ठरवलं होतं. तीनला सगळे गेल्यावर एक जरी कोट राहिला तरी मी कोटांच्या खोलीतला दिवा मालवायची नाही. हातात टॉर्च घ्यायची आणि शोधायची. स्टेजच्या मागे, कोठारात, बायकांच्या संडासात, पुरुषांच्यासुद्धा, दारावर थाप मारून. बावीस वर्षांत किती जण सापडले! झोपलेले, रडत बसलेले, एक नवरदेव बर्फाच्या पेटीमागे लपलेला. मालक कुरकुरायचा, "अगं, घरी जा आता." मी म्हणायची, कोट आहे, माणूस आहे, तुम्ही जा.

नियम आला आणि हेच उलटं झालं. माणूस फोन घ्यायला बाहेर, सिगारेटला बाहेर, मैत्रिणीला टॅक्सीत बसवायला बाहेर, आणि दीड वाजून गेलेले. दार लागलं. कोट आत, माणूस बाहेर, थंडीत दार वाजवतोय आणि दारवान हात जोडतोय, कारण उघडलं तर परवाना जाईल. रोज सहा-सात कोट राहायला लागले. पहिला आठवडा मी शोधलं. दुसरा आठवडाही शोधलं. आत कुणीच नसायचं. दुसऱ्या दिवशी लोक यायचे, शिव्या देत आपला कोट घेऊन जायचे. मग मी शोधणं सोडलं. मला कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. कोट म्हणजे माणूस बाहेर, असं माझं डोकं फिरून बसलं.

आपले लोकही तुटले. ज्यांची सुट्टीच दीडला होते ते येणार कसे? आचारी गेले, छापखानेवाले गेले. एक सिस्टर तेवढी सोडेना. तासाभराची पायपीट नव्हती, पण ती कधी घाईने चाललेली मला आठवत नाही, आणि आता या वयात ती धावत यायला लागली. एकला सुटायचं, कपडे बदलायचे, दीडच्या आत दार गाठायचं. दोनदा तीसुद्धा सिगारेटला बाहेर राहिली आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "तुमच्या नियमाला जुलाब लागोत." मी तिला म्हटलं, अगं, आता निवृत्त व्हायचं वय तुझं, घरी जाऊन झोप ना. ती म्हणाली, "घरी कोण आहे?"

त्या रात्री, आज बरोबर वीस दिवस झाले, दीडला पाच कमी असताना सगळे एकदम आत घुसले. हल्ली रोजच घुसतात, दार लागायच्या आत. एका हाताने टोकन, एका हाताने कोट, मी मान वर करून बघितलंच नाही. तपकिरी कोट डोक्यांवरून काउंटरवर आला, हाताने ओळखला, एकेचाळीसवर टांगला. "पाणी मारून येते तोंडावर," असं तिचं काहीतरी ऐकलं. धाप लागली होती तिला. मी त्याच वेळी एका टोणग्याशी टोकनावरून भांडत होते. तीनला नऊ कोट राहिले. त्यांत तिचा होता. मी बघितला. बघून हसले, गठुडे. म्हटलं, पुन्हा बाहेर राहिली म्हातारी, उद्या येईल शिव्या देत. आणि दिवा मालवला.

सकाळी झाडूवाली आली तेव्हा बायकांच्या संडासातलं शेवटचं दार आतून बंद होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी त्याला विचारलं, तीनला कळलं असतं तर? तो बराच वेळ कागदावर लिहीत राहिला आणि म्हणाला, "कदाचित." एवढंच. बाकी काही म्हणाला असता तरी चाललं असतं. मालकाने आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, नैसर्गिक मृत्यू आहे, उगाच बभ्रा नको. मी तुला त्या दिवशी फोनवर "सगळं ठीक" म्हणाले ते यासाठी. परवान्याच्या खात्यात कळवावं लागतं म्हणून मालकाने एक कागद पाठवला. तो तुझ्याच टेबलावरून गेला असेल. त्यात तिचं खरं नाव होतं, मलाही ते त्याच दिवशी कळलं. तुला ते नाव ओळखता आलं नसतं. तू शिक्का मारून पुढे सरकवलं असशील, त्यात तुझी चूक नाही.

आता माझं उरलेलं वाक्य. साहेब, त्या रात्री खुंटीवर एक कोट राहिला आणि मी शोधायला गेले नाही. हे त्या आईसमोर बोलायचं होतं मला. तिचं दुःख लहान करायचं नव्हतं, फक्त तिच्या शेजारी आणखी एक ठेवायचं होतं. नियमाने मारलं का मी मारलं, हे मला ठरवता येत नाही. रोज काउंटरवर उभी राहून ठरवायला बघते, एक दिवस नियमावर जातं, एक दिवस माझ्यावर येतं. सोमवारी तुझ्या हातात काही नाही, तुझ्या हातात नुसती घंटी आहे, हे मला कळतं. मी हे साहेबांना लिहिलं तर पहिल्यांदा विचारतील, दिवा कुणी मालवला, आणि त्याचं उत्तर मी देईन, आणि मग ते नियमाचं काही विचारणारच नाहीत. म्हणून तुला लिहिलं. कोट अजून एकेचाळीसवरच आहे. इस्पितळातले लोक येऊन तिला घेऊन गेले, कोटाचं कुणाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. दिवा मी आता मालवत नाही, मालक रोज बडबडतो. तू ये आणि तो कोट घेऊन जा, तो तुझाच आहे. केव्हाही ये, कामावरून थेट ये, मी असतेच. फक्त दीडच्या आत ये. नंतर तू कितीही दार वाजवलंस तरी मला उघडता येणार नाही.

अजून काउंटरवरच असलेली,
तुझीच आई