न बोललेला शह

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी माझा राग तसाच आहे. या महिन्यात तो पुन्हा भडकला, तोही बुद्धिबळापायी. नोकरीतून वेळ काढून खर्डीच्या घरात मी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहितेय. तो बरा खेळायचा आणि मधेच आंधळ्यासारखा एका चालीत मात होऊन बसायचा. आठवडाभर डोकं आपटल्यावर चूक सापडली. ठरलेल्या चालींपर्यंत पुढचं बघून झालं की तो त्यापुढे फक्त मोहरी मारणाऱ्या चाली तपासतो. मारण्यासारखं काही नसेल तर 'आहे ते ठीक आहे' म्हणून थांबतो. राजाला शह बसलेला असतानाही तो तसाच थांबत होता. शह असेल तर ठीक म्हणायची मुभाच नसते. तिथे सुटकेची प्रत्येक चाल बघावी लागते, मारणारी असो वा नसो. चूक कळली आणि मला तुमचं तोंड दिसलं.

ओटीवर पट मांडून तुम्ही बसायचात. शह तोंडानं बोलायची पद्धत पुष्कळ घरांत आहे, न बोललेला उडवून लावायची फक्त तुमची. दहा वर्षांची असताना मी गुपचूप उंटाने शह दिला, तर तुम्ही सरळ माझा वजीर मारलात. "बोललीस नाय गो. न बोललेला शह मी धरत नाय," म्हणालात, आणि वर तोंड करून हसलात.

आई तर शेवटी शेवटी काही बोलायचीच नाही. त्या मार्गशीर्षात भात झोडून आली आणि उंबऱ्यात टेकली. छातीवर हात, पदर घामाने भिजलेला. थंडीत घाम, बाबा. तुम्ही मान वर करता, विचारता, "काय होतंय?" ती म्हणते, "काय नाय." तेवढ्यावर तुमचं समाधान होतं आणि तुम्ही माझं प्यादं मारता. डाव संपल्यावर रिक्षा बोलावलीत. शहापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. तेराव्याला येईल त्याला सांगत होतात, "ती बोलली असती तर मी बसलो असतो काय?" बसला असतात. तिनं ताप आहे म्हटलं की "नाटकं" म्हणणारे तुम्हीच ना? तुमच्या चितेपाशी मला रडू आलं नाही, आणि त्याची लाजही वाटत नाही.

प्रोग्राम दोन ओळींत सुधारला. आता तो थांबायच्या आधी राजाकडे बघतो.

हे पत्र कुठे टाकणार? टाकायचं नाहीच आहे. बाबा उठले नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत आले, मामाला, नवऱ्याला, पोरीलासुद्धा. एवढंच सांगितलं नाही, की त्या दिवशी मी तुमच्याशी खेळताना पहिल्यांदाच जिंकत होते. प्यादं मारून तुम्ही पुन्हा आईकडे बघितलंत आणि मला विचारलंत, "थांबवायचा का गो डाव?" मी सतरा वर्षांची होते, तिचा घाम मलाही दिसत होता. मी "नको" म्हणाले आणि हत्ती पुढे सरकवला.