निळी नाव, लाल चौकट

टल्सा,
दि. ११ फेब्रुवारी २०२४

ती. ओदीलताईस,
थेरॉनचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली गम्बोच्या रश्श्यात घालायची पानांची पूड पोचली. कोलेटने परवा गम्बो केला. माझ्या लेकीचा हात चांगला आहे, पण ओक्लाहोमातल्या कोळंबीला चव म्हणून नाही. तुझ्या हातचं खाल्ल्याला दोन वर्षं झाली. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. उजवा कान पार गेलाय आणि डावा त्याच वाटेवर आहे, तेव्हा पत्रच बरं. तू शिव्या दिल्यास तरी त्या नीट वाचता येतात.

एक नवी बातमी. कोलेटने मला घरबसल्या एक काम मिळवून दिलंय. संगणकावर आकाशातून काढलेले फोटो येतात. छपरावर डाग, भोक किंवा ताडपत्री दिसली की लाल चौकट काढायची आणि पुढे जायचं. एका घराला अकरा सेकंद. वादळानंतर मदत कुठे न्यायची ते ठरवायला लागतं, असं सांगितलंय. आपल्या तिकडची माहिती आहे म्हणून मला मुद्दाम लुइझियानाचा किनारा दिलाय. तीस वर्षं गॅरेजात बसखाली उताणा पडलेला मी फक्त "ए थेरॉन" होतो, आता परीक्षक क्रमांक ४१७ झालोय. हसू नकोस.

एनोसदाजींच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला येता आलं नाही, त्याचं वाईट वाटतं. तब्येतीला जप. लोभ इथवर पोचतो आहे, तो असाच पोचत राहू दे.

तुझा
थेरॉन


होमा,
दि. ९ मार्च २०२४

चि. थेरॉन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

परीक्षकसाहेब, अभिनंदन! लहानपणी गोठ्यातल्या गायी मोजताना दोन जास्त मोजणारा तू. देव त्या घरांचं भलं करो.

आता माझं ऐक. विमा कंपनीचं पत्र आलंय. तीस जूनला मुदत संपली की माझ्या घराचा विमा पुढे चालू ठेवणार नाहीत. कारण काय, तर "छपराची अवस्था". अरे, कसली अवस्था? रीटा वादळाच्या पुढच्या वर्षी एनोसने स्वतः वर उभं राहून हे छप्पर घालून घेतलं. प्रत्येक पट्टीला सहा खिळे. कारागीर चार मारत होते, तर हा शिडी अडवून बसला. तीन वर्षांपूर्वी आयडा वादळ आलं तेव्हा शेजारच्या व्हर्नेलचं अख्खं छप्पर उडून शाळेच्या मैदानात पडलं. माझ्याकडे पाण्याचा थेंब आला नाही. व्हर्नेलला कंपनीच्या पैशात कोरं छप्पर मिळालं आणि आता तिचा विमा हसतहसत चालू आहे. माझं टिकलं, म्हणून मी नकोशी झाले. वीस वर्षांत एकदाही भरपाई मागितली नाही रे या मेल्यांकडे. पत्र वाचून शिसारी आली.

एजंट डेरिलकडे गेले. हा आपल्या चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसतो. म्हणाला, मिस ओदील, माझ्या हातात काही नाही. मी म्हटलं, हप्ता घेताना बरा हात होता. बाकी चार कंपन्यांना त्याने विचारलं. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, छप्पर किती वर्षांचं? अठरा म्हटलं की फोन बंद.

तुला माहीत आहे, एनोसच्या आजारपणात या घरावर कर्ज काढलंय. विमा नसेल तर बँक घर ताब्यात घेऊ शकते. मला या वयात दुसरीकडे कुठे जायचं नाही. मी इथेच मरणार, हे तुला आधीच सांगून ठेवते.

छप्पर जुनं आहे आणि बहीण त्याहून जुनी, तरी लोभ मध्येच बंद करू नये.

तुझी
ओदीलताई


टल्सा,
दि. १८ मार्च २०२४

ती. ओदीलताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. कोलेटला वाचून दाखवलं तर तीही चिडली. ही माणसं आहेत की कोण? दाजींनी खिळे मोजले, आणि यांनी वर चढून पाहिलं तरी का?

तेच विचार त्यांना. कोण आलं होतं, कधी आलं होतं, पुरावा काय? कुणी आलं नसेल तर फोटो असणार. तो मागून घे. डेरिल टाळाटाळ करायला लागला तर रविवारी चर्चच्या दारात, सगळ्यांच्या देखत माग. फोटो आला की मला पाठव. आता मला वरून काढलेलं छप्पर वाचता येतं, कंपनीला चार गोष्टी मीच लिहून कळवतो.

घाबरू नकोस. तुझं घर कुणी नेत नाही. धाकट्याचा लोभ फुकट आहे, त्याला हप्ता नाही.

तुझा
थेरॉन


होमा,
दि. २० एप्रिल २०२४

चि. थेरॉन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालास तसंच केलं. ईस्टरच्या रविवारी सगळे नटूनथटून बाहेर पडत असताना डेरिलला दारात गाठलं. बिचाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अडीच आठवड्यांनी फोटो आला. सोबत जोडते आहे.

पाहा आणि हस, म्हणजे मला रडू येणार नाही. मागच्या पडवीवर लाल चौकट आहे ना? त्यात काय आहे, तूच सांग. एनोसची नाव! आपली निळी नाव, पालथी घातलेली. पुराचं पाणी चढलं तर माणूस वर चढणार, मग नाव खाली ठेवून काय उपयोग, असं म्हणून तो ती छपरावर ठेवायचा. वाऱ्याने उडू नये म्हणून वादळाआधी उतरवायची आणि वारा पडला की पाणी चढायच्या आत पुन्हा चढवायची. आपल्याकडे निम्म्या गावाच्या नावा अशाच वर असतात. तो गेल्यावरही मी व्हर्नेलच्या जावयाकडून चढवून घेते. आणि चौकटीखाली या शहाण्यांनी काय लिहिलंय? "निळी ताडपत्री. छपराला हानी."

कुठल्या गाढवाने पाहिलं असेल रे हे? ज्याने उभ्या जन्मात नाव पाहिली नाही, असा कुणी थंड खोलीत बसलेला पोरगा असेल. आपल्या बायूच्या संथ पाण्याकाठी एक दिवस जरी राहिला असता तरी कळलं असतं. अशा माणसाच्या एका टिचकीवर माझं घर टांगलेलं आहे, याचीच जास्त किळस येते.

आता कंपनीला तुझं ते पत्र लिही. चांगलं झणझणीत लिही. वाट पाहते. लोभ आहेच, तो कामाला लाव.

तुझी
ओदीलताई


टल्सा,
दि. २ मे २०२४

ती. ताई,
शि. सा. न.

आठ दिवस हे पत्र लिहितोय आणि फाडतोय.

फोटोच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात "परीक्षक क्र. ४१७" असं छापलंय. तुझ्या चष्म्याला ते दिसलं नसेल. ते गाढव मी आहे.

आठवतंय का, म्हणून खूप डोकं खाजवलं. आठवत नाही. दिवसाला मी नऊशे छपरं पाहायचो. निळं दिसलं, चौकट काढली, पुढे गेलो. फोटोवर मालकाचं नाव नसतं, गल्ली नसते. मदतीसाठी आहे म्हणाले आणि मी मान डोलावली. मदत करणाऱ्यांना छपरावरचे डाग कशाला हवेत, एवढं तरी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला ते ४१७ आवडलं होतं. दुसऱ्या किती घरांना माझी लाल चौकट लागली असेल, ते मोजवत नाही.

ती नाव मी आणि दाजींनी मिळून रंगवली होती, ताई. ओल्या रंगाला मी अंगठा लावला म्हणून दाजी ओरडले होते. तो ठसा अजून नावेच्या टोकापाशी असेल. आणि मीच तिला ताडपत्री म्हटलं. मला माझाच वीट आलाय.

काम सोडलं. ही नाव आहे आणि चूक माझी आहे, असं कंपनीला सही करून कळवलंय. त्याची नक्कल सोबत आहे. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

थेरॉन


होमा,
दि. ५ जून २०२४

चि. थेरॉन यास,
आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर उत्तर दिलं नाही, ते मुद्दाम. राग होता. आधी तो कोळंबी सोलण्यात घालवला, मग तुझ्या जुन्या फोटोला चार शिव्या दिल्या.

तुझ्या पत्रावर कंपनीचं उत्तर आलं. ती वस्तू नाव असल्याची त्यांनी नोंद घेतली आहे. ताडपत्रीचा शेरा काढून टाकला आहे. मात्र छप्पर पंधरा वर्षांहून जुनं असल्याने निर्णय तोच राहील. म्हणजे नाव नसती तरी त्यांनी मला काढलंच असतं. त्यांना फक्त एक कारण हवं होतं, ते तू दिलंस. तेव्हा माझा विमा तुझ्यामुळे गेला, हे डोक्यातून काढून टाक.

पण खरं सांगू? माझं दुखणं वेगळंच आहे. अकरा सेकंदांत तुला आपली नाव ओळखू आली नाही. नुसत्या कंपनीने ओळखली नसती, तर थुंकून मोकळी झाले असते. तुझ्यावर थुंकता येत नाही.

एक कंपनी मला घेते आहे. अट एकच, छप्पर कोरं हवं. एनोसचा ट्रक विकला. छप्पर घालणारा माणूस वर जाऊन आला, म्हणाला अजून दहा वर्षं सहज निघतील, आणि मग माझ्याकडे न बघता कागदावर सही मागितली. येत्या १५ तारखेला ते लोक येतील आणि आयडातही न हललेलं छप्पर उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकतील. नवं पटापट घालतील, पट्टीला चार खिळे मारतील, आणि कंपनी त्याला उत्तम म्हणेल. शी!

तू १४ तारखेला इथे यायचंस. कान, गुडघे, कोलेट, कुठलीही सबब चालणार नाही. नाव तू स्वतः उतरवायचीस, अंगठ्याचा ठसा आहे तशीच. दुसऱ्या दिवशी पहिली पट्टीही तूच काढायचीस आणि तिचे खिळे मोजून मला सांगायचेस. सहा आहेत. मला माहीत आहे, पण ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. मग नवे मारणाऱ्यांच्या शिडीपाशी एनोससारखा अडून बस. गम्बो करून ठेवते.

लोभाची मुदत वाढवली आहे, वय न विचारता.

तुझी
ओदीलताई