एक नंदी चालला म्हणजे सगळे चालतात

१८ ऑगस्ट
सेलूतल्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरचे मालक लक्ष्मणराव आज साफ बोलले. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवून आणतात, त्या सजावट स्पर्धेचा निकाल माझ्या प्रोग्रामवर लावायचा. चालला तर पायथॉनची नवी बॅच माझी. नाई चालला तर दीपमाला मॅडमची, अन् मी दुसरं सेंटर पाहावं. मॅडम काल आल्या, मी चार वर्षं इथं घासून राह्यलो!
संकल्प: रोज पहाटे कोडिंग.

१९ ऑगस्ट, सकाळी साडेदहा
पहाटे लाइट नव्हती. असेलही, झोपलो होतो.
नवीन पोरांना क्लास-ऑब्जेक्ट शिकवलं. क्लास म्हणजे सुताराच्या डोक्यातला नंदी, ऑब्जेक्ट म्हणजे पोरांच्या हातातला. डोक्यातला एक, हातातले कितीही. काय उदाहरण! पोरं एकदम गप्प. म्हणजे समजलं.

२१ ऑगस्ट
प्रोग्राम तयार. नंदीचा साज टाकला की गुण देतो. एक नंदी टाकून पाहिला. झूल, घुंगरू, बाशिंग, सगळं चकाचक. मॅडम म्हणाल्या, दोन नंदी टाकून पाहा. म्हटलं, काऊन? एक चालला म्हणजे सगळे चालतात. जळतात लोक.

२२ ऑगस्ट, पोळा
दोन नंदी टाकून पाहणारच होतो. पुरणपोळी जास्त झाली. उद्या सकाळी नक्की.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा, संध्याकाळ
सकाळ वायरी जोडण्यातच गेली.
चौकात मोठा स्क्रीन, ही गर्दी. प्रोग्राममध्ये पहिल्या पोराच्या, रत्नदीपच्या नंदीला झूल टाकली. दिसली. आचलच्या नंदीला नुसता बेगडाचा हार टाकला, तर त्याच्यावर झूलही चढली! अन् रत्नदीपच्या नंदीवर हार. अश्वजितचे घुंगरू तिघांच्याही पायात. शेवटी सगळ्या नंदींवर सगळा साज, सगळ्यांना सारखे गुण, सगळेच पहिले.
आयांनी कल्ला केला. रत्नदीपच्या आजी शोभाबाई स्टेजवरच चढल्या. माझ्या नातवाची झूल लोकांच्या बैलावर कोणी घातली, म्हणे. माइकवर सांगितलं की हे समानतेचं सॉफ्टवेअर आहे. लक्ष्मणरावांनी माइक काढून घेतला. निकाल मॅडमनी वहीच्या पानावर लावला.
उन्हानं कॉम्प्युटर तापला होता, दुसरं काही नाई.

१ सप्टेंबर
बॅच मॅडमची. मला काढलं नाई, प्रोजेक्टर लावायला ठेवलं. तात्पुरतं.
पहिल्याच लेक्चरला मॅडमनी माझा प्रोग्राम पडद्यावर टाकला. सांगितलं की सरांनी साज सुताराच्या डोक्यातल्या नंदीवर टांगला, म्हणून तो सगळ्यांवर चढला. ज्याचा साज त्याच्याच अंगावर घालायचा असतो. पोरं हसली, पटापट प्रश्न विचारू लागली, आपापले नंदी करूही लागली. माझ्याच कोडवर! म्हणजे शिकवलं कोणी? मीच!
जाऊन लक्ष्मणरावांना तसं ठणकावून सांगितलं. त्यांनी विचारलं, तुले समजलं का?
हो म्हटलं. आजच.